माग थांबवून वाचलेलं पत्र

प्रिय ईरा आणि कबीर,

मागच्या रविवारी तुमची आई फोनवर सांगत होती की कबीरच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे. तो फार सावकाश वाचतो, मध्येच थांबतो, बाकीची मुलं पान उलटतात तेव्हा हा अजून तिसऱ्या ओळीवर असतो. ती हे आवाज खाली करून सांगत होती, तरी मागे दार आपटल्याचं मला इथे नागपुरात ऐकू आलं. त्या दिवशी मी फारसं बोलले नाही. मला उत्तर सुचायला नेहमीच वेळ लागतो, आणि सुचलं की ते लिहूनच नीट सांगता येतं. सावकाश वाचणाऱ्या एका मुलीची आणि तिच्याहून सावकाश वाचणाऱ्या तिच्या बाईंची गोष्ट माझ्याकडे आहे. ती सांगायची राहून गेली, कारण त्यातल्या बाई म्हणजे मी, तुमची आजी, आणि मला बरीच वर्षं तिची लाज वाटत असे. आता वाटत नाही. तुम्हाला हे मराठी थोडं जड जाईल. अडेल तिथे थांबा, आईला विचारा. मला घाई नाही, आणि पत्राला तर मुळीच नसते.

मी नुकतीच बी.ए. झाले होते. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि आम्ही नागपूरच्या महाल भागात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक गच्ची भाड्याने घेतली. त्या घराची आठवण मला आधी कानांनी येते. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. बाबा त्यावर आपलं घड्याळ लावायचे, आणि अर्ध्या तासाने रेडिओच्या वेळेशी ताडून पाहून म्हणायचे, "आज भोंगा दोन मिनिटं मागे होता." मग आईचा वरवंटा सुरू व्हायचा, पाट्यावर ओलं खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाटल्याचा वास जिन्यापर्यंत उतरायचा. आणि या सगळ्याखाली, नदीखाली वाळू असावी तसा, मागच्या गल्लीतल्या हातमागांचा आवाज. खट-खट, खट-खट. तिथे विणकरांची पन्नासेक घरं होती. उन्हं वर आली की गल्लीभर दोऱ्या बांधलेल्या दिसायच्या आणि त्यांवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या असायच्या, लाल, हळदी, मोरपंखी. मी गच्चीवर संत्र्याची सालं वाळत घालायला जायची आणि किती तरी वेळ तशीच उभी राहायची. थंडीतलं नागपूरचं ऊन अंगावर घेतलं की माणूस अर्धवट झोपेतच असतं. तो आवाज इतका सारखा होता की तो ऐकू येतोय हे कळायचं नाही. जेवणाच्या वेळी माग थांबले की मात्र आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. काटोलहून बाबांचे एक मित्र संत्र्यांची टोपली पाठवत, आणि दुपारी गोळाभात झाला की आम्ही तिघं गच्चीवर बसून ती सोलत असू, फारसं न बोलता.

तर माझी अडचण अशी होती. बाबांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण बिलासपूर, कटनी, जबलपूर असं मिशनच्या शाळांमधून झालं. इंग्रजी कादंबरी मी दोन दिवसांत संपवायची. हिंदी बाजारात शिकले. मराठी मात्र घरी बोलायची भाषा होती. अक्षरं येत होती, लिहायचं वळण तर मी कित्ता गिरवून सुंदर केलं होतं. पण मराठीचं पान समोर आलं की मी मुंगीसारखी चालायची. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायची. हे आईशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

घराजवळच्या शाळेत एक जागा सहा महिन्यांसाठी रिकामी झाली. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी माझं प्रमाणपत्र दूर धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "इंग्रजी घेऊन बी.ए.! वा. मग पाचवीचं इंग्रजी घ्या, आणि चौथीची मराठी." मी म्हटलं, "मराठीचा मला तितका..." त्या म्हणाल्या, "अहो, परकी भाषा येते तर आपली काय अवघड आहे?" खरं उत्तर देण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी नेटकी मुलगी होते, म्हणून मी एक नेटकी युक्ती काढली. रोज संध्याकाळी आई भाजी चिरायला बसली की पुस्तक तिच्यासमोर उघडं ठेवायची. ती चिरता चिरता दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायची, आणि मी डोळे मिटून ऐकायची. तीनदा ऐकला की धडा पाठ. दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात धरून मी वर्गात तो म्हणून दाखवायची. आईच्या विळीवर कांदा आला की तिचा आवाज जरा दाटायचा. मला वाटतं, माझाही त्या त्या ओळींना दाटत असेल.

वर्गात अडतीस मुलं-मुली होती, बहुतेक मागच्या गल्लीतल्या विणकरांची. आणि काय वाचायची ती! पहिल्या दिवशी मी धडा म्हटला, दुसऱ्या दिवशी शकुन नावाची मुलगी पुढे आली, हनुवटी वर केली आणि सुरू झाली. तिच्यामागे सगळा वर्ग. एक सूर, एक ठेका, कुठे अडखळणं नाही. शकुनच्या वेण्यांत नेहमी कापसाचं तूस अडकलेलं असे आणि बोटांच्या टोकांना रंग लागलेला असे. ती दहा वर्षांची होती आणि तिचा आवाज असा होता की गल्लीतला टांगेवाला घोडा थांबवून ऐकायचा. मोठ्या बाई आपल्या खोलीतून मान डोलवायच्या. त्या शाळेत आवाज म्हणजे शिक्षण आणि शांतता म्हणजे आळस, असा हिशेब होता. मी खिडकीशी उभी राहायची, बाहेर लाल लडी हलायच्या, आत तो ठेका चालायचा, आणि मला वाटायचं, मी जन्मतःच शिक्षिका आहे. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुंदर अक्षरात अडतीस वेळा लिहिलं, 'वाचन: उत्तम'.

तो ठेका कुठला होता ते मला फार उशिरा कळलं. गल्लीत घरोघरी अशी रीत होती की बाप मागावर बसे आणि पोर शेजारी बसून धडा म्हणे. बापाला अक्षर येत नसलं तरी मुलाची परीक्षा घेता येई. धोटा इकडून तिकडे जाई, खट-खट, आणि त्या तालात पोराचा धडा चालला पाहिजे. ताल तुटला की बाप समजे, अडलं. तो हात न थांबवता म्हणे, "पुन्हा." त्यामुळे पोरं न तुटणारा ताल शिकली. मोठ्या भावंडाकडून धडा कानांनी घ्यायचा, मागावर घोटायचा, आणि शाळेत म्हणायचा. पुस्तक उघडं असायचं, पण ते बाजूला ठेवलेल्या तांब्यासारखं. थोडक्यात, त्या वर्गात अडतीस मुलं आणि एक बाई, कोणीही वाचत नव्हतं, आणि वाचनाचा तास फार सुंदर चालला होता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी शकुनचे वडील डोमाजी वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस. चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली. त्यांच्या एका हातात निळं अंतर्देशीय पत्र होतं आणि दुसऱ्यात शकुनचं प्रगतिपुस्तक.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमीच लिहिलं न? उत्तम?"

"हो, मीच."

"मी दुकानदाराकून दोनदा वाचून घेतलं. उत्तम म्हंजे काय तेबी इचारलं. मग डाकवाल्याले सांगितलं, बाप्पा, आता तू वाचू नोको, आता घरची वाचनारी हाय." ते शकुनकडे पाहत नव्हते. "हे पत्र माह्या मोठ्या पोरीचं हाय, वच्छीचं. पारशिवनीले देली तिले. पत्र आलं तवा मी मागावर होतो. शकुनले म्हटलं, वाच वं. तिनं वाचलं. सारं बरं हाय, पोर खेळते, पीक चांगलं हाय, तुमी कसे हा. एकडाव बी अडली नाई. धोट्यासंगं वाचत गेली. मले लय बरं वाटलं."

बाहेरचे माग ऐकू येत होते.

"अन् काल बाजारात पारशिवनीचा एक जन भेटला. म्हणे, डोमाजी, असं काहून केलं गा? तुही पोरगी तापलेलं लेकरू घेऊन दिवसभर स्टँडवर बसून होती, अन् कोनी आलं नाई. शेवटच्या गाडीनं वापस गेली." त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं. "याच्यात काय लिहून हाय, तेवढं वाचून द्या."

मी पत्र उघडलं. कोणाकडून तरी घाईत लिहून घेतलेलं, एकमेकांत गुंतलेलं अक्षर. शिरोरेघा नाहीत. हा धडा आईने वाचून दाखवलेला नव्हता. पहिला शब्द मला लागला, दुसरा लागला नाही. मी बोट ठेवलं. बोटाखालून एकेक अक्षर सोडवत पुढे सरकू लागले. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "अरे बाप्पा, बाईले बी येत नाई!" आणि कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. किती वेळ लागला कोण जाणे. पत्रात एवढंच होतं: शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. पोराचा ताप हटत नाई, तिथल्या डाक्टरले दाखवाचं हाय. घरचे नाई म्हनतात, तरी येतो. बाबाले स्टँडवर पाठवजा, पोर अन् पेटी दोन्ही मले उचलत नाई.

डोमाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पहिल्यांदा मुलीकडे वळले. आवाज चढला नव्हता. "काहून वं शकुन? येत नाई म्हून सांगाचं होतं."

शकुन रडत नव्हती. ती माझ्या बोटाकडे पाहत होती, ते अजून कागदावरच होतं. ती म्हणाली, "तुमीच म्हनता न बाबा, ताल तुटला म्हंजे वाचनं तुटलं. म्हून मी तोडला नाई."

पत्राची घडी घालता घालता ते म्हणाले, "संक्रांत झाली की थे कांड्या भरायले बसन. चौथी लय झाली. खोटं वाचन्यापरीस कांड्या बऱ्या." कांड्या भरणं म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं. गल्लीतल्या मुली शाळा कायमची सुटली की जन्मभर तेच करत.

"संक्रांतीपर्यंत मला वेळ द्या," मी म्हणाले.

"तुमाले तरी येते काय बाई?"

अडतीस मुलं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "नाही. नीट नाही येत. मीही शिकेन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विणकर कापडाकडे पाहतो तसं, कुठे धागा सुटलाय का. "बरं," म्हणाले, आणि चपला घालून गेले.

घरी मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "तीन महिन्यांच्या आत राजीनामा दिला तर तो अनुभव धरत नाहीत," आणि पुन्हा घड्याळाला किल्ली द्यायला लागले. हा त्यांचा धीर देण्याचा प्रकार होता. आईने वरवंटा बाजूला ठेवला. "म्हणजे इतके दिवस चौथीला मीच शिकवत होते?" ती म्हणाली. "आणि पगार तुला?" मग तिने मसाल्याच्या पुडीचा कागद सोडवला, मांडीवर सरळ केला आणि माझ्या हातात दिला. कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्राचं अर्धं पान. "हे मी वाचलेलं नाही. तू वाच. अडलं तर विचार, नाही अडलं तरी विचार. पण आता माझ्या तोंडाकडे पाहायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वर्गात थांबायला शिकलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी मुलांना सांगितलं, धडा मधूनच उघडायचा, ज्या पानावर कोणाचा आवाज आधी गेलेला नाही. एकाने एकच वाक्य वाचायचं. अडलं की थांबायचं आणि "अडलं" असं मोठ्याने म्हणायचं. जो हसेल त्याने उठून पुढचं वाक्य वाचायचं. पहिल्या आठवड्यात खूप जण हसले आणि खूप जणांना उठावं लागलं. मग हसणं आपोआप कमी झालं. अडण्याची लाज सगळ्यात जास्त मला होती, म्हणून रोज पहिलं वाक्य मी वाचायची, एखाद्या मुलाने आणलेल्या कागदावरचं. कागद घरून आणायचा असा नियम होता: फुटाण्याची पुडी, लग्नाची पत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जत्रेचं हँडबिल. मुलांना माझं अडणं पाहायला फार आवडायचं. ती मुद्दाम वाईट छापलेले कागद शोधून आणायची. मी अडले की अडतीस जण माझ्याभोवती गोळा व्हायचे आणि आम्ही सगळे मिळून तो शब्द सोडवायचो, सुताची गुंतलेली लड सोडवावी तसा, ओढायचं नाही, नुसतं बघत बसायचं, मग एक टोक सापडायचं.

बोटाने खालची ओळ झाकली जाते, म्हणून आम्ही जुन्या पोस्टकार्डांच्या पट्ट्या कापल्या आणि त्या ओळीखाली धरू लागलो. त्या आठ दिवसांत मळायच्या आणि हरवायच्या.

वर्ग शांत झाला. इतका शांत की एकदा मोठ्या बाई धावत आल्या. "काय हो, शिकवताय की झोपवताय? माझ्या खोलीत काहीच ऐकू येत नाही!" तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा जत्रेच्या कागदावर पट्टी सरकवत म्हणाला, "अडलं." मोठ्या बाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि पुटपुटल्या, "हे काय छापलंय मेल्यांनी." मुलगा लगेच म्हणाला, "मोठ्या बाई, अडलं असं म्हनाव लागते." मग त्या गेल्या, आणि पुन्हा त्याविषयी बोलल्या नाहीत.

ते दिवस मला एका लांब दुपारीसारखे आठवतात. खिडकीतून ऊन यायचं, त्यात सुताचे कण तरंगायचे, डब्यांतल्या संत्र्यांचा वास यायचा, आणि अधूनमधून कोणी तरी हळूच म्हणायचं, अडलं. बाहेर माग चाललेलेच असायचे. पण आता आमचा ठेका त्यांच्याशी जुळत नव्हता. सगळ्यात कठीण शकुनला गेलं. तिच्या आवाजाला पळायची सवय होती. तिसऱ्या शब्दावर अडली की तोंडातून आपोआप काहीतरी भलतंच, पण तालात बसणारं निघायचं, आणि मग ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाई, थांबलं की मले पडल्यासारखं वाटते." मी म्हणाले, "मलाही." त्या आठवड्यात तिने मधल्या सुटीत बसून वच्छीला पत्र लिहिलं. मी फक्त शेजारी बसले. पत्र चार ओळींचं होतं. मला वाचता आलं नाही, म्हून मी खोटं वाचलं. बाबाले माहीत नोतं. तुझ्या पोराचा ताप कसा हाय. माझ्यावर राग धर, बाबावर नोको धरू. ते टपालपेटीत टाकायला आम्ही दोघी गेलो. पत्र आत पडल्याचा आवाज आल्यावरही ती तिथून हलेना.

उत्तर आलं नाही. डिसेंबर गेला. संक्रांतीला आठवडा राहिला, घराघरांत तीळ भाजल्याचा वास सुटला, आणि रविवारी दुपारी शकुन आमच्या जिन्याखालून ओरडली, "बाई! पत्र आलं! बाबानं फोडलं नाई. म्हनाले, बाईले बोलाव."

डोमाजींचं घर म्हणजे एक लांबट खोली. निम्मी खोली मागाने भरलेली, उरलेल्या निम्मीत चूल, पेट्या आणि माणसं. शकुनची आई भाकरी थापत होती. डोमाजी मागावर बसलेले, खट-खट चालू. मला पाट दिला, गूळ-पाणी दिलं. निळं पत्र मागाच्या चौकटीवर ठेवलेलं होतं, न फोडलेलं. कोणीच त्याच्याकडे सरळ पाहत नव्हतं. त्यात काहीही असू शकत होतं. वच्छीच्या पोराचं नाव निघालं की आईचा हात पिठात थबकायचा.

"वाच," डोमाजी म्हणाले.

शकुनने कडा नीट फाडल्या, पोस्टकार्डाची पट्टी काढली, पहिल्या ओळीखाली धरली. माग चालूच होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"बाबा," ती म्हणाली, "आवाजात मले वाचता येत नाई. थांबवा न."

मी डोमाजींकडे पाहिलं नाही, धोट्याकडे पाहिलं. तो एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे आला, आणि थांबला. शेजारच्या घरांतले माग लांबून ऐकू येत राहिले. मी त्या घराच्या पाठीमागेच राहत होते, तरी त्या मागाचा थांबलेला आवाज असा जवळून मी पहिल्यांदाच ऐकला.

शकुनने वाचायला सुरुवात केली. गाणं नव्हतं, सूर नव्हता. एक शब्द, मग पुढचा. "बाबाले अन् मायले नमस्कार. पोर... अडलं." पट्टी तशीच. "पोर... आता... बरं हाय. चालाले लागलं." आईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिथेच बसून राहिली. "शकुनचं पत्र मिळालं. मी... अडलं. मी लय... रडली. मग... हसली. मले वाटलं... माहेर... अडलं... तुटलं." डोमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "संक्रांतीले येतो. इकडचे हो म्हनाले. या वक्ती... स्टँडवर शकुनले पाठवजा. गाडीची पाटी तिनं... अडलं... तिनं वाचून दाखवली, तरच मी खाली उतरन."

पहिली हसली ती शकुनची आई, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "भाकर जळली वं माय," ती म्हणाली. "आता हिच्या वाचन्यापाई रोज भाकरी जळतीन."

डोमाजींनी पत्र हातात घेतलं. उलटं, सुलटं पाहिलं. मला विचारलं, "कितीडाव थांबली, बाई?"

"चार वेळा."

मला वाटलं, आता ते निकाल सांगतील. त्यांनी आधी पत्राच्या घड्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "त्या दिवशी एकडाव बी थांबली नोती. म्हून तर घात झाला. आज थांबली, तवा मले भरोसा आला, की बाकीचं खरं हाय." आणि शकुनकडे वळून, "कांड्या शाळा सुटल्यावर भरजो. शाळेच्या टाईमात नाई." मग टोपी घातली आणि माग सुरू केला. खट-खट. शकुन माझ्याकडे पाहून नुसती उभी होती, पट्टी हातात धरून.

संक्रांतीनंतर ती शाळेत आली तेव्हा तिच्या हातात एक पुडकं होतं. डोमाजींनी उरलेल्या लाल सुताची बोटभर रुंदीची लांब पट्टी विणली होती, कडेला एक पांढरा धागा, सरळ ओळीसाठी. तिचे एकोणचाळीस तुकडे कापून, टोकं शिवून पाठवले होते. अडतीस मुलांचे आणि एक माझा. "बाबा म्हनाले," शकुन म्हणाली, "कागदाचं काय टिकते."

माझे सहा महिने संपले. पुढे माझं लग्न झालं, मी पुन्हा रेल्वेच्या गावांमधून फिरले, आणि बरीच वर्षं वेगवेगळ्या शाळांमधून शिकवलं. शकुनने सातवी पूर्ण केली एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी तुम्हाला रचून सांगणार नाही. आता ती शाळा नाही. मागच्या गल्लीत दुचाकी लावलेल्या असतात, आणि तिथे उभं राहिलं तर माग ऐकू येत नाहीत. आई गेली, बाबा गेले. भोंगा तर कधीच बंद झाला.

मराठी मी आजही सावकाशच वाचते. रोज सकाळी चहानंतर वर्तमानपत्राच्या ओळीखाली ती लाल पट्टी धरते. रंग विटला आहे, एका टोकाची शिवण उसवली आहे. कबीर, पांढरा धागा अजून सरळ आहे.